रिसोड परिसरातील तलवारी : पाते, मूठ आणि म्यान यांच्या साक्षीचा विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

जुन्या शस्त्राची ओळख पटविणे हे वरवर पाहता सोपे काम वाटते. तलवार हाती येते, तिचे पाते सरळ आहे की वक्र हे पाहिले जाते, मुठीचा घाट ध्यानात घेतला जाता आणि 'मराठा', 'मोगली' किंवा 'फिरंगी' असे नाव तिला दिले जाते. पुढे तेच नाव घराण्याच्या कथेत, संग्रहालयाच्या चिठ्ठीवर आणि अखेर इतिहासग्रंथात स्थिर होते. परंतु तलवार ही एकजिनसी वस्तू नव्हे. पाते एका देशाचे, मूठ दुसऱ्या कारागिराची आणि म्यान तिसऱ्या पिढीचे, असा प्रकार हिंदुस्थानात अपवादात्मक नसून नित्याचा होता. म्हणून 'ही तलवार कोणाची?' या प्रश्नाला एकच उत्तर देण्याचा आग्रह धरला की चुकीला आरंभ होतो.

हा प्रश्न वऱ्हाडच्या दक्षिण भागात विशेष बिकट होतो. रिसोड हे आज वाशीम जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आहे. त्याच्या पश्चिमेस लोणार व मेहकर, पूर्वेस वाशीम आणि आग्नेयेस हिंगोली. या टापूत तीन शतके निरनिराळ्या फौजांची ये-जा होती. १७२४ साली मेहकरच्या पलीकडे साखरखेर्डा येथे निजामउल्मुल्काने मुबारिझखानाचा पराभव केला आणि दक्षिणेतील आपली सत्ता कायम केली. त्यानंतर वऱ्हाडात निजाम आणि नागपूरकर भोसले यांचा दुहेरी अंमल चालू झाला. १८०३ च्या देवगावच्या तहाने भोसल्यांचा वर्धेच्या पश्चिमेकडील हक्क संपुष्टात आला आणि १८५३ साली निजामाने वऱ्हाड कंपनीच्या हवाली केले. १८५९ मध्ये रिसोडनजीक चिंचांबा येथे हैदराबाद कॉन्टिन्जंट आणि रोहिले यांच्यात लढाई झाली. अशा भूमीत जुनी तलवार सापडली किंवा वारसाने चालत आली, तर ती भोसल्यांच्या शिलेदाराची असू शकते, निजामाच्या स्वाराची असू शकते, पोटासाठी आलेल्या रोहिल्याची असू शकते किंवा कंपनीच्या कोठारातून बाहेर पडलेलीही असू शकते. नुसत्या सापडण्याच्या जागेवरून यांपैकी कोणताही निर्णय देता येत नाही.

२. एक परदेशी दृष्टांत

या प्रकारचा पेच इतर देशांतील अभ्यासकांनाही पडलेला आहे. इसवी सन ४३ मध्ये रोमन फौजांनी ब्रिटनवर स्वारी केली. त्या काळातील तलवारी तेथील नद्यांत, दफनांत आणि किल्ल्यांच्या अवशेषांत सापडतात. त्यांपैकी रोमन कोणत्या आणि स्थानिक ब्रिटनांच्या कोणत्या, हे ठरविणे आवश्यक होते. स्टुअर्ट पिगट यांनी १९५० साली ब्रिटनमधील लोहयुगीन तलवारी व म्याने यांचे वर्गीकरण प्रसिद्ध केले. पुढे इयान स्टेड यांनी २००६ साली याच विषयावर विस्तृत ग्रंथ लिहिला. या दोन्ही अभ्यासांच्या नावातच तलवारीच्या जोडीला म्यानाचा उल्लेख आहे, ही गोष्ट लक्षणीय होय. गंजलेले लोखंडी पाते पुष्कळदा मुके असते. म्यान मात्र बोलते. ते कमरेस कसे अडकविले जात असे, त्याच्या तोंडाचा आकार कोणता, तळाची खोळी कशी, यांवरून परंपरा उघड होते. स्थानिक म्यानाच्या पाठीवर मध्यभागाच्या आसपास एकच उभी पट्टी असे व तिच्यातून पट्टा ओवला जाई. रोमन पायदळाच्या आखूड तलवारीच्या म्यानाला मात्र दोन आडव्या पट्ट्या आणि चार कड्या असत.

तथापि तेथेही 'रोमन' आणि 'देशी' ही सीमारेषा वाटते तितकी स्वच्छ नव्हती. रोमन पायदळाची तलवार मुळात स्पेनमधील शस्त्रावरून घेतलेली. तिचे 'ग्लॅडियस' हे नावसुद्धा केल्टिक भाषांतून लॅटिनमध्ये आले असावे, असे अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. रोमन घोडदळाची 'स्पाथा' ही लांब तलवार केल्टांच्या लांब तलवारीपासून विकास पावली. म्हणजे ज्यांना जिंकले त्यांचेच शस्त्र जेत्यांनी उचलले होते. दक्षिणेतील 'फिरंग' या तलवारीचा विचार करताना हा दृष्टांत ध्यानात ठेवणे उपयुक्त ठरते.

३. शब्दांची साक्ष आणि तिची मर्यादा

मराठीतील शस्त्रवाचक शब्द तपासले तर अनेक थर दिसतात. 'तरवारि' या संस्कृत शब्दापासून आलेले 'तरवार' हे रूप बोलीत अद्याप ऐकू येते. त्यातील रकाराचा लकार होऊन 'तलवार' हे आजचे प्रतिष्ठित रूप रूढ झाले. 'खांडा' हा शब्द नवरात्रातील 'खंडेनवमी'च्या नावात टिकून आहे. 'समशेर' आणि 'तेग' हे शब्द फारसीतून आले. शिवकाळात राजव्यवहारातील फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी रघुनाथपंतांनी सिद्ध केलेल्या राजव्यवहारकोशात शस्त्रवर्ग हे स्वतंत्र प्रकरण आहे. शस्त्रांच्या परिभाषेवर फारसीचा किती पगडा होता, हे त्यावरून कळून येते.

तलवारीच्या अवयवांची नावे अधिक मार्मिक आहेत. 'पाते' हे 'पत्र' म्हणजे पान या शब्दाचे, 'मूठ' हे 'मुष्टि'चे आणि 'धार' हे 'धारा'चे अपत्य होय. 'म्यान' मात्र फारसी. मूळ भाषेत त्याचा अर्थ मध्य किंवा कंबर असा असून म्यान हा अर्थही तेथलाच. यावरून पाते व मूठ देशी आणि म्यान परकी, असे अनुमान कोणी काढू लागेल तर ते भ्रामक ठरेल. संस्कृतात म्यानाला 'कोश' हा शब्द होता आणि वस्तूही होती. शब्द बदलला म्हणजे वस्तू बदलली असे नव्हे, आणि शब्द टिकला म्हणजे वस्तूही टिकली असे नव्हे. भाषेची साक्ष शब्दाच्या प्रवासाविषयी असते. वस्तूच्या प्रवासाविषयी ती संशय निर्माण करू शकते, पण निकाल देऊ शकत नाही.

'फिरंग' हा शब्द याचे उत्तम उदाहरण होय. 'फ्रँक' या युरोपीय लोकनामापासून अरबी-फारसीतून तो हिंदुस्थानात आला. मराठीत 'फिरंगी' म्हणजे प्रामुख्याने पोर्तुगीज. सोळाव्या शतकातील भावप्रकाश या वैद्यकग्रंथात उपदंशाला 'फिरंग रोग' म्हटलेले आहे. तेथे या शब्दातून परकेपणाचा तिरस्कार जाणवतो. तलवारीच्या बाबतीत मात्र तोच शब्द गौरवाचा झाला. सोळाव्या-सतराव्या शतकांत पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांतून युरोपीय पाती मोठ्या प्रमाणावर आली आणि त्यांना येथील मुठी बसविण्यात आल्या. सरळ, लांब व लवचीक अशा त्या पात्यांच्या तलवारी 'फिरंग' म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. कालांतराने शब्दाच्या अर्थात सूक्ष्म पण निर्णायक बदल घडला. प्रथम 'फिरंग' म्हणजे फिरंग्यांच्या देशाचे पाते. नंतर 'फिरंग' म्हणजे त्या घाटाची तलवार, मग ती कोठेही घडविलेली असो. उत्पत्तिवाचक शब्द अशा रीतीने आकारवाचक झाला. म्हणून कागदात किंवा पात्यावर 'फिरंग' हा शब्द आढळला, तर तेवढ्यावरून पाते युरोपात घडले असे सिद्ध होत नाही. उलटपक्षी, तो शब्द नाही म्हणून पाते देशी, असेही ठरत नाही.

४. पाते

पात्याच्या परीक्षेत सर्वांत विश्वसनीय खूण पोलादाच्या जातीची. दक्षिणेत मुशीत तयार होणाऱ्या पोलादाची कीर्ती दूरवर होती. तेलंगणातील कोनसमुद्रम येथे हे पोलाद कसे करीत, याचे वर्णन व्हॉयसी या इंग्रज संशोधकाने केले असून ते १८३२ साली प्रसिद्ध झाले. ते पोलाद विकत घेण्यासाठी इराणचे व्यापारी तेथे येत. कन्नड-तेलुगू 'उक्कू' या शब्दाच्या अपभ्रष्ट लेखनातून युरोपात 'वुट्झ' हे त्याचे नाव रूढ झाले असावे. मराठीत मात्र पोलादाला 'तिखे' हा जुना शब्द होता. तो 'तीक्ष्ण' या शब्दापासून आला. या पोलादाच्या पात्यावर आम्लाचा प्रयोग केला असता पाण्याच्या लहरींसारखी नक्षी उठते. तिला जौहर म्हणतात. जौहर असेल तर पाते पूर्वेकडील पोलादाचे, हे बहुधा निश्चितपणे म्हणता येते. परंतु जौहर नसेल तर पाते युरोपीय, हे म्हणता येत नाही. साध्या भट्टीतील लोखंडापासून गावोगावच्या लोहारांनी घडविलेल्या पात्यांवरही जौहर नसतो. शिवाय घासूनपुसून चकाकी आणलेल्या पात्यावरील जौहर डोळ्यांना दिसेनासा होतो.

दुसरी खूण कारखान्याच्या छापांची. जर्मनीतील पासाऊ व झोलिंगेन येथील धावत्या लांडग्याची आकृती, इटालियन पात्यांवरील विळ्यासारख्या दुहेरी अर्धवर्तुळाकृती रेषा आणि 'आंद्रेआ फेरारा' हे नाव ही त्यांतील प्रसिद्ध उदाहरणे होत. पण ज्या छापाने किंमत वाढते त्या छापाची नक्कल होतेच. 'फेरारा' हे नाव युरोपातच अनेक कारखान्यांनी वापरले. हिंदुस्थानातील कारागिरांनीही या खुणा उठविल्या. अशा नकलेत रोमन अक्षरांचा क्रम बिघडलेला असतो, अक्षर उलटे असते किंवा अक्षरांऐवजी अक्षरांसारखी नक्षी असते. लिपी न जाणणाऱ्या हाताने ती खोदली हे त्यातून उघड होते. येथे चूक हाच पुरावा असतो. शुद्ध लेख फसवू शकतो, अशुद्ध लेख सहसा फसवीत नाही.

५. मूठ

हिंदुस्थानी मूठ पात्याला जोडण्याची पद्धत युरोपीय पद्धतीहून भिन्न आहे. युरोपात पात्याची शेपटी मुठीतून आरपार काढून वरच्या टोकाशी ठोकून पसरवीत. येथे धातूच्या पोकळ मुठीत लाख व राळ यांचे मिश्रण भरून त्यात शेपटी बसवीत. ऊब दिली की ते मिश्रण मऊ होते आणि पाते सुटे करता येते. या साध्या सोयीचे ऐतिहासिक परिणाम मोठे आहेत. पाते मोडले तर मूठ टिके, मूठ जुनी झाली तर पाते नव्या मुठीत जाई, आणि लुटीत मिळालेले पाते विजेत्याच्या आवडीच्या मुठीत रातोरात बसविता येई. त्यामुळे मूठ ही शेवटच्या वापरणाऱ्याची साक्ष होय, पाते घडविणाऱ्याची नव्हे.

फिरंग जातीच्या तलवारींत मुठीपासून निघून पात्याच्या दोन्ही अंगांवर उतरणाऱ्या पोलादी पट्ट्या आढळतात व त्या पात्याला खिळ्यांनी जोडलेल्या असतात. लांब आणि लवचीक पात्याला मुठीजवळ बळकटी देणे हा त्यांचा हेतू. येथील कारागिराने परदेशी पाते जसेच्या तसे स्वीकारले नाही, तर त्याचा दोष जाणून त्यावर उपाय केला, ही गोष्ट या पट्ट्या सांगतात. फिरंगेचे मोल केवळ पात्याच्या देशावर मोजणाऱ्यांना हा कारागीर दिसत नाही. विदर्भात लोखंड वितळविण्याची परंपरा किती जुनी आहे, हे नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथील उत्खननात सापडलेल्या लोहभट्टीने दाखविलेच आहे. ती भट्टी इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातील आहे. चांगले पाते म्हटले की ते परदेशचेच असणार, हा समज या परंपरेवर अन्याय करणारा आहे.

६. रघूजी भोसल्यांची तलवार

वरील विवेचनाची कसोटी पाहण्यास अलीकडील एक उदाहरण उपयोगी आहे. नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक पहिले रघूजी यांच्या नावाची तलवार २९ एप्रिल २०२५ रोजी लंडन येथे लिलावात निघाली. महाराष्ट्र शासनाने ती सुमारे ४७ लक्ष रुपयांना मिळविली आणि त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात ती मुंबईस आली. पाते सरळ, एकधारी व युरोपीय बनावटीचे असून मूठ मराठा धाटणीची, सोन्याच्या नक्षीची आहे. पात्याच्या पाठीवर सोन्याने भरलेला देवनागरी लेख आहे. त्यात रघूजींचे नाव, 'सेनासाहेबसुभा' हे पद आणि 'फिरंग' हा शब्द येतो.

या लेखातील प्रत्येक शब्दाची साक्ष निराळी आहे. 'सेनासाहेबसुभा' हे पद छत्रपती शाहूंनी रघूजींस दिले होते. ते त्यांच्या वंशजांकडेही चालत राहिले, म्हणून नुसत्या पदावरून व्यक्ती ठरत नाही. रघूजी हे नावही घराण्यात पुन्हा आले. लेख पात्यावर कोरला गेला तो पाते येथे आल्यानंतर, म्हणून लेखाचा काळ हा पात्याचा काळ नव्हे. तो मालकीचा काळ होय. आणि 'फिरंग' या शब्दाने पाते युरोपीय ठरत नाही. ते ठरते पात्याच्या घडणीवरून. या तलवारीत शब्दाची साक्ष आणि वस्तूची साक्ष एकमेकींस दुजोरा देतात, हेच तिचे विशेष मोल. जेथे असा दुजोरा नसेल तेथे केवळ नावावर विसंबणे धोक्याचे होय.

रघूजींचा अंमल वऱ्हाडात होता, म्हणून या तलवारीचे रिसोडच्या टापूशी नाते जोडण्याचा मोह होईल. तसे करण्यास आधार नाही. परंतु तिच्यावरून एक गोष्ट निश्चित होते. अठराव्या शतकात या प्रदेशाच्या सत्ताधाऱ्याला आपली तलवार 'फिरंग' आहे हे सोन्याच्या अक्षरांत सांगण्यात कमीपणा वाटत नव्हता. परदेशी पाते ही त्याच्या दृष्टीने उसनवारी नसून संपादन होते. छत्रपतींच्या घराण्याशी संबंध सांगितली जाणारी आणि १८७५-७६ च्या सुमारास कोल्हापूरहून इंग्लंडच्या युवराजास दिली गेलेली तलवारही युरोपीय पात्याचीच मानली जाते. तेव्हा 'मराठा तलवार' म्हणजे जिचे सर्व अवयव महाराष्ट्रात घडले ती, ही व्याख्या खुद्द मराठ्यांनाच मान्य झाली नसती.

७. म्यान

आता सर्वांत उपेक्षित अवयवाकडे वळावयाचे. हिंदुस्थानी म्यान सामान्यतः लाकडाच्या दोन पातळ फळ्यांचे असून त्यावर चामडे किंवा मखमल चढविलेले असते. तोंडाशी व तळाशी धातूच्या खोळ्या असतात. शस्त्रागारांच्या परिभाषेत त्यांना अनुक्रमे मुहनाल व तहनाल म्हणत. लाकूड किडते, चामडे फाटते, चांदीची खोळी अडचणीच्या दिवसांत मोडली जाते. म्हणून जुन्या तलवारी बहुधा नागव्या किंवा नव्या म्यानात आढळतात. 'नुसते म्यान' म्हणून जे टाकून दिले जाते, त्याबरोबर किती माहिती जाते याचा अंदाज एका प्रसंगावरून यावा.

इंग्रज घोडदळातील कॅप्टन नोलन काही वर्षे हिंदुस्थानात होता. त्याचा घोडदळावरील ग्रंथ १८५३ साली प्रसिद्ध झाला आणि पुढल्याच वर्षी बालाक्लाव्हाच्या लढाईत तो मारला गेला. त्या ग्रंथात त्याने निजामाच्या स्वारांची एक चकमक नमूद केली आहे. बंडखोरांच्या मोठ्या जमावाशी ती झाली होती. जखमा पाहून वैद्यही चकित झाला, इतके तलवारीचे वार खोल होते. अशी कोणती अपूर्व पाती या स्वारांपाशी आहेत, या कुतूहलाने नोलनने चौकशी केली. ती पाती बहुतांशी इंग्रज घोडदळाने मोडीत काढलेली निघाली. स्वारांनी त्यांना आपल्या पद्धतीच्या धातूच्या आखूड मुठी बसविल्या होत्या, त्यांची धार वस्तऱ्यासारखी केली होती आणि ती लाकडी म्यानांत ठेविली होती. प्रत्यक्ष लढाईवाचून तलवार म्यानाबाहेर काढावयाची नाही, असा त्यांचा शिरस्ता होता. इंग्रज स्वाराचे म्यान लोखंडी असे. त्यात तलवार दररोज खाली-वर होई व म्यानाच्या आतील घर्षणानेच धार बोथट होई.

हा प्रसंग ओळखीच्या प्रश्नाला निराळे वळण देतो. पाते तेच, लोखंड तेच. एका हाती ते निरुपयोगी म्हणून टाकले गेले आणि दुसऱ्या हाती त्याने दरारा बसविला. फरक पडला तो मुठीने, धारेने आणि म्यानाने. अशी तलवार आज एखाद्या संग्रहात पात्याच्या छापावरून 'इंग्रजी' म्हणून नोंदली जाईल, किंवा मुठीवरून 'हैदराबादी' म्हणून. दोन्ही नोंदी अर्ध्या खऱ्या ठरतील. तिचे लाकडी म्यान टिकले असते तरच तिची खरी हकीकत कळली असती. १८५९ साली चिंचांब्यास लढणारी हैदराबाद कॉन्टिन्जंट ही निजामाच्या याच फौजेच्या पुनर्घटनेतून निर्माण झाली होती. म्हणून रिसोडच्या परिसरात इंग्रजी छापाचे पाते आणि देशी मूठ अशी जोडी आढळल्यास तिला बनावट किंवा विजोड म्हणून बाजूस सारण्यापूर्वी या इतिहासाचे स्मरण ठेवणे इष्ट होय.

८. समारोप

वरील विवेचनावरून काही सूत्रे निघतात. पाते, मूठ आणि म्यान यांची नोंद स्वतंत्रपणे व्हावी आणि प्रत्येकाचा काळ व देश निरनिराळा ठरवावा. शब्दाची साक्ष वस्तूच्या साक्षीने तपासावी. एखाद्या खुणेच्या अभावावरून निश्चित निष्कर्ष काढू नये. तलवार कोठे सापडली आणि कोणाच्या हातून कोणाकडे आली, ही माहिती तिच्या धातूइतकीच मोलाची समजावी व ऐकताक्षणी तारखेसह लिहून ठेवावी.

याखेरीज एक गोष्ट संशोधकापेक्षा गृहस्थाच्या हातची आहे. खंडेनवमीस किंवा दसऱ्यास जुन्या घरांतून तलवार पूजेला निघते. तत्पूर्वी ती राखेने, चिंचेने, हल्ली काचकागदानेही घासली जाते. भक्तिभावाने केलेल्या या कृत्यात जौहर झिजतो, छाप पुसट होतो, लेखातील सोने निघून जाते, आणि जीर्ण म्यान अशुभ समजून नदीत सोडले जाते. तलवार चकाकते, पण तिची वाचा जाते. तिला कोरड्या मऊ फडक्याने पुसून तेलाचा पुसट हात द्यावा आणि फाटके म्यान तिच्याशेजारीच ठेवावे. त्याने पूजेत काही उणे पडत नाही.

घराण्यातील तलवार एखाद्या थोर पुरुषाची निघाली नाही, म्हणून तिचे मोल कमी होत नाही. पाते झोलिंगेनच्या कारागिराचे असेल, त्याला बळकटी देणाऱ्या पट्ट्या दक्षिणेतील एखाद्या लोहाराच्या असतील, म्यान रिसोडच्या बाजारातील सुतार-चांभारांनी केलेले असेल. त्यांपैकी कोणाचेही नाव बखरीत आलेले नाही. ज्याच्या हाती ती होती त्याचे नाव बहुधा कोठेतरी नोंदले जाते. ज्यांनी ती घडविली, जोडली आणि जपली त्यांची नोंद मात्र खुद्द त्या वस्तूखेरीज अन्यत्र कोठेही नाही.